धन्याचा डोळा

कचेरीच्या किंवा दुकानाच्या छताला एका कोपऱ्यांत चिकटलेला काळा घुमट आतां कोणाच्या फारसा लक्षांतहि येत नाहीं. पंखा असतो, दिवा असतो, तसा तोहि तेथें असतो. परंतु पंखा आपल्याकडे पाहत नाहीं. हा पाहतो, आणि पाहिलेलें सांठवून ठेवतो. पगार घेऊन दिवसाचे आठ-दहा तास दुसऱ्याच्या छपराखालीं राबणाऱ्या माणसाजवळ तेवढ्या वेळांत स्वतःचें असें कांहीं उरतें कीं नाहीं, हा प्रश्न या घुमटानें पुनः आपल्यापुढें आणला आहे. पुनः म्हणावयाचें कारण असें कीं, प्रश्न जुना आहे. कॅमेरा जन्मास येण्याच्या पुष्कळ आधीं तो उपस्थित झाला, आणि त्याचीं पहिलीं उत्तरें चांगल्या, विचारी, किंबहुना परोपकारी म्हणविणाऱ्या माणसांनीं दिलीं.

या कथेचा आरंभ क्रिचेव्ह नांवाच्या गांवीं होतो. हें गांव आज बेलारूस देशांत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तें रशियन साम्राज्यांत होतें, आणि सम्राज्ञी कॅथेराइनचा मर्जींतला सरदार पोटेम्किन याची तेथें मोठी जहागीर होती. जहागिरींतील कारखाने चालविण्याचें काम त्यानें सॅम्युअल बेंथॅम या इंग्रज नौका-स्थापत्यकाराकडे सोपविलें होतें. कामकरी पुष्कळ, त्यांना हुन्नर शिकविणारे थोडे, आणि देखरेख करणारे त्याहूनहि थोडे, अशी तेथील अडचण. सॅम्युअलला जी तोड सुचली ती अशी: इमारत वर्तुळाकार असावी, कामकरी परिघावर बसवावे आणि देखरेख करणाऱ्याची खोली मध्यभागीं ठेवावी, म्हणजे एकट्या माणसाला जागचें न हलतां सर्वांवर नजर ठेवतां येईल. १७८६ सालीं त्याचा थोरला भाऊ जेरेमी त्याच्याकडे मुक्कामास आला. हा कायदेशास्त्राचा व्यासंगी. भावाची कल्पना त्याच्या मनांत इतकी भरली कीं, त्यानें तेथूनच स्वदेशीं पत्रें लिहून तिचें शास्त्र बनविलें, आणि १७९१ सालीं तीं ‘पॅनॉप्टिकॉन’ या नांवानें छापून प्रसिद्ध झालीं.

बेंथॅमचें नांव निघालें कीं आज लोकांना तुरुंग आठवतो. अंदमानांतील कारागृह, ज्याच्या मध्यवर्ती मनोऱ्यापासून सात इमारती आऱ्यांप्रमाणें फांकत गेल्या होत्या आणि जें सावरकरांमुळें प्रत्येक मराठी घराच्या परिचयाचें आहे, तें याच विचाराच्या कुळांतलें. पण मूळ कल्पना कारखान्याची होती, कैद्यांची नव्हे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर जेरेमीनें तुरुंगाबरोबरच कारखाने, दवाखाने आणि शाळा यांचीहि नांवें घातलीं होतीं. त्याच्या योजनेंतील खरी मेख वर्तुळांत नसून पडद्यांत होती. मधल्या खोलीला अशा झडपा बसवावयाच्या कीं, आंतल्याला बाहेरचें सर्व दिसावें, बाहेरच्याला आंतलें कांहीं दिसूं नये. मग आंत कोणी बसला असो वा नसो, काम करणारा आपण पाहिले जात आहों असेंच समजून वागेल. प्रत्यक्ष पाहण्याला पगारी माणूस लागतो. पाहिलें जात असल्याच्या शंकेला कांहीं खर्च येत नाहीं. हा हिशेब जेरेमीनें ओळखला, आणि आजच्या काळ्या घुमटाची कांच काळी कां असते याचें उत्तरहि त्यांतच आहे. कॅमेरा कोणत्या दिशेला वळला आहे हें खालच्याला कळूं नये, हाच त्या काळेपणाचा हेतु. इंग्लंडच्या सरकारनें वर्षानुवर्षें घोळ घालून शेवटीं ही इमारत बांधलीच नाहीं. १८१३ सालीं बेंथॅमच्या हातीं २३,००० पौंड नुकसानभरपाई ठेवून तें मोकळें झालें.

दुसरा प्रयोग मात्र प्रत्यक्षांत आला. १८०० सालच्या आरंभीं स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीचा कारभार रॉबर्ट ओवेन या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाच्या हातीं आला. मारहाण व शिवीगाळ त्याला मान्य नव्हती. त्यानें प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ लांकडाचा एक लहानसा चौकोनी ठोकळा टांगला. त्याच्या चार बाजूंना चार रंग: काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बेताचा, पिवळा म्हणजे चांगला, पांढरा म्हणजे उत्तम. आदल्या दिवशींच्या वागणुकीप्रमाणें देखरेख करणारा रोज तो ठोकळा फिरवून ठेवी, आणि रोजचा रंग एका वहींत नोंदला जाई. ओवेन गिरणींतून फेरी मारी तेव्हां तो कोणाला रागें भरत नसे. ठोकळ्याकडे आणि माणसाकडे पाहून पुढें जाई. या मुक्या पंचानें काळे ठोकळे हळूहळू निळे व निळ्याचे पिवळे झाले, असें त्यानें आत्मचरित्रांत मोठ्या समाधानानें सांगितलें आहे.

ही पद्धत मला तितकीशी गोड वाटत नाहीं. चार शेजाऱ्यांदेखत दिवसभर काळा ठोकळा मिरवणें हें छडीपेक्षां कमी झोंबत असेल असें नाहीं. परंतु ओवेनच्या योजनेंत दोन गोष्टी अशा होत्या कीं ज्या आजच्या पुष्कळ कचेऱ्यांत शोधूनहि सांपडावयाच्या नाहींत. एक, आपल्याविषयीं काय नोंदलें जात आहे तें कामगाराच्या डोळ्यांसमोर टांगलेलें असे. दोन, रंग अन्यायानें लावला गेला असें ज्याला वाटेल त्याला खुद्द ओवेनकडे दाद मागतां येई. श्रोत्यांनीं या दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. दोन शतकांनंतर न्यायमूर्तींना त्याच पुनः शोधून काढाव्या लागल्या.

माणसाचा डोळा यंत्राच्या डोळ्यापेक्षां दयाळू असतो, असा एक समज आहे. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यानें वाचला आहे तो हें एकदम मान्य करणार नाहीं. तेथें धन्याचा डोळा म्हणजे जॉबर, अथवा आपल्या भाषेंत मुकादम. बायकांच्या खात्यांत नाईकीण. कामावर लावणारा तोच, काम शिकविणारा तोच, नजर ठेवणारा तोच, आणि अडीनडीला व्याजानें पैसे देणाराहि पुष्कळदां तोच. त्याला कामगाराचें गांव ठाऊक, घर ठाऊक, कर्ज ठाऊक. दस्तुरी दिली तर त्याचा डोळा मिटे, न दिली तर नसलेली चूकहि त्याला दिसे. १९३१ सालच्या व्हिटली कमिशनच्या अहवालानें या प्रथेवर कडक टीका केली ती उगाच नव्हे. कॅमेरा निदान लांच खात नाहीं, असें त्याचा कैवारी म्हणेल, आणि त्या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे. पण याच मुंबईंत १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी-कामगारांच्या सभा भरवून जो अर्ज तयार केला त्यांतील मागण्या पाहा: आठवड्याला एक दिवस सुटी आणि दुपारीं अर्धा तास विसांवा. तो अर्धा तास जेवणापुरता होता हें खरें. तथापि भोंगा, साचा आणि मुकादम या तिघांच्याहि ताब्यांत नसलेला दिवसांतला तेवढाच वेळ होता.

आतां अमेरिकेकडे वळूं. फ्रेडरिक टेलर या अभियंत्यानें कारखान्यांत सेकंद मोजणारें घड्याळ आणलें. कामाचे बारीक तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ मोजावयाचा, आणि त्यावरून दिवसाचें काम ठरवावयाचें, ही त्याची पद्धति. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत वॉटरटाउन येथें सरकारी शस्त्रागार होतें. तोफांचे गाडे तेथें तयार होत. ही पद्धति तेथील ओतशाळेंत आली तेव्हां, ११ ऑगस्ट १९११ रोजीं, सांचे घालणाऱ्या ओताऱ्यांनीं घड्याळाखालीं काम करण्याचें नाकारलें आणि ते बाहेर पडले. संप आठवडाभरच टिकला. नवलाची गोष्ट ही कीं, भांडण मजुरीचें नव्हतें. मजुरी कमी केलेली नव्हती. उलट ठरलेल्या वेळाच्या आंत काम उरकणाराला वर बक्षिसी मिळावयाची होती. ओताऱ्यांची तक्रार निराळी होती. आम्ही सरकारची चाकरी आजवर मनापासून केली; असें असतां एक माणूस हातांत घड्याळ घेऊन आमच्या पाठीशीं उभा राहतो, हा आमचा अपमान आहे, अशा आशयाचा अर्ज त्यांनीं केला होता.

या अर्जानें प्रकरण थेट काँग्रेसमध्यें गेलें. प्रतिनिधि-सभेनें चौकशी-समिति नेमली. तिचे अध्यक्ष विल्यम विल्सन हे स्वतः पूर्वीं कोळशाच्या खाणींत मजुरी केलेले गृहस्थ. पुढें १९१३ सालीं ते अमेरिकेचे पहिले मजूर-मंत्री झाले. जानेवारी १९१२ मध्यें टेलरची साक्ष कित्येक दिवस चालली. माझी पद्धति म्हणजे घड्याळ नव्हे, मालक व मजूर या दोघांच्याहि मनाची ती क्रांति आहे, असें तो परोपरीनें सांगत होता. तो प्रामाणिकपणें बोलत होता, याविषयीं मला शंका नाहीं. पण ओतशाळेंतील माणसाला मनाची क्रांति दिसत नव्हती. त्याला घड्याळ दिसत होतें. अखेरीस १९१५ सालीं लष्करी खर्चाच्या मंजुरीला एक शेपूट जोडण्यांत आलें कीं, या पैशांतून सरकारी कामगारांवर वेळ मोजणारीं घड्याळें चालवूं नयेत. ही बंदी १९४९ पर्यंत टिकली. खाजगी कारखान्यांना ती लागू नव्हती, हें तिचें मोठें उणें. तरी मजुरीच्या दराखेरीज कामगाराची अशी एक प्रतिष्ठा असते कीं जिला कायद्यानें हात देतां येतो, एवढें तरी एका विधिमंडळानें मान्य केलें.

याच सुमारास कॅमेरा कारखान्यांत शिरला. फ्रँक गिल्ब्रेथ हा मुळांत गवंडी. विटा रचतांना गवंडी उगाच किती वेळां वांकतो हें पाहून त्यानें एका विटेमागील हालचाली १८ वरून ५ वर आणल्या होत्या. १९१२ सालीं प्रॉव्हिडन्स येथील न्यू इंग्लंड बट कंपनीच्या कारखान्यांत त्यानें कामगारांचे चलच्चित्रपट घेण्यास आरंभ केला. चित्राच्या चौकटींतच एक मोठें शीघ्रगति घड्याळ ठेवलेलें असे, त्यामुळें हाताच्या प्रत्येक हालचालीला किती वेळ लागला तें पडद्यावर वाचतां येई. मागाहून त्यानें बोटांना लहान विजेचे दिवे बांधून अंधारांत छायाचित्रें घेतलीं. त्यांत हात न दिसतां हातानें हवेंत काढलेली प्रकाशाची रेघ तेवढी उमटे. या संशोधनांत त्याची पत्नी लिलियन ही बरोबरीनें होती, आणि कामगाराचा शीण कसा कमी होईल, त्याला बसावयास खुर्ची कशी मिळेल, याची दोघांनाहि खरी कळकळ होती. तथापि येथें एक नवी गोष्ट घडली. मुकादम पाहतो आणि विसरतो. घड्याळवाला आंकडा लिहून घेतो. फिल्म मात्र सगळा माणूसच ठेवून घेते: त्याची चूक, त्याची जांभई, शेजाऱ्याशीं बोललेला शब्दाचा ओठ. आणि तें पुनः पुनः, कोणालाहि, केव्हांहि दाखवितां येतें.

यांत पुढें काय येणार हें चार्ली चॅप्लिननें आधीं ओळखलें. त्याच्या १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’ या चित्रपटांत कंटाळलेला कामगार क्षणभर विडी ओढावयास शौचकूपाकडे जातो, तों भिंतीवर मालकाचें अवाढव्य तोंड प्रकट होऊन त्याला दटावतें. प्रेक्षक पोट धरधरून हंसले. सहा वर्षांनींच, १९४२ मध्यें, जर्मनीनें पेनेम्युंडे येथें अग्निबाणांचें उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहतां यावें म्हणून तारेनें जोडलेले दूरदर्शन-कॅमेरे बसविले. त्यांचा रोख माणसांकडे नव्हता. तो पुढें वळला. फीत स्वस्त झाली, मग फीतहि नाहींशी झाली, आणि आज दुकानदाराला दुसऱ्या गांवीं बसून खिशांतल्या फोनवर आपला गल्ला पाहतां येतो. चॅप्लिनच्या मालकाला निदान तोंड दाखवावें लागे.

कायद्यानें या सर्व काळांत काय केलें? येथें एका माणसाचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. डिसेंबर १८९० मध्यें ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ या नियतकालिकांत सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोघा बोस्टनच्या वकिलांनीं खाजगीपणाच्या हक्कावर एक निबंध लिहिला. झटपट फोटो काढणारे कॅमेरे आणि चहाटळ वृत्तपत्रें यांनीं घराच्या भिंती पारदर्शक करून टाकल्या आहेत, सबब कायद्यानें माणसाच्या एकांताला संरक्षण द्यावें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. खाजगीपणाच्या कायद्याची गंगोत्री म्हणून हा निबंध जगभर मानला जातो. हाच ब्रँडाइस १९१० सालीं रेल्वे-कंपन्यांच्या दरवाढीविरुद्ध उभा राहिला, आणि रेल्वेनें टेलरची पद्धति स्वीकारली तर दरवाढीची गरजच उरणार नाहीं, असें त्यानें मांडलें. त्या पद्धतीला ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ हें भारदस्त नांव चिकटलें तें याच खटल्यामुळें, आणि टेलरची कीर्ति देशभर झाली तीहि याच खटल्यामुळें. एकाच माणसानें एकांताच्या हक्काला शब्द दिले, आणि एकांत मोडणाऱ्या घड्याळाला प्रतिष्ठा दिली! यांत त्याचा लबाडपणा शोधण्याचें कारण नाहीं. त्या पिढीच्या विचारांत एकांत ही घराची वस्तु होती. कारखान्याच्या फाटकाशीं ती संपे. मजुरी घेतली म्हणजे वेळ विकला, आणि विकलेल्या वेळाकडे विकत घेणारानें पाहिलें तर बिघडलें कोठें?

हें फाटक ओलांडावयास कायद्याला फार काळ लागला. युरोपांतील राष्ट्रांनीं १९५० सालीं मानवी हक्कांचा करार केला आणि त्याच्या ८ व्या कलमानें खाजगी जीवनाला संरक्षण दिलें. पण खाजगी जीवन कामाच्या जागींहि चालूंच असतें, माणसांचे बरेचसे ऋणानुबंध तेथेंच जुळतात, असें स्ट्रासबर्गच्या न्यायालयानें स्पष्ट सांगितलें तें १९९२ सालीं, एका जर्मन वकिलाच्या कचेरीच्या झडतीच्या प्रकरणांत. जर्मनीनें त्यापूर्वींच निराळी वाट धरली होती. तेथील १९७२ च्या कायद्याप्रमाणें कामगारांच्या वागणुकीवर वा कामावर नजर ठेवणारें यंत्र बसवावयाचें असेल तर कारखान्यांतील कामगार-मंडळाशीं आधीं एकमत व्हावें लागतें. मला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. न्यायालयांत वाद होतो तो कॅमेरा लागून गेल्यावर, बहुधा नोकरी गेल्यावर. येथें वाद होतो तो भिंतीला भोंक पाडण्यापूर्वीं.

नोकरी गेल्यावरचा वाद कसा असतो याचें उदाहरण स्पेनचें घ्यावें. बार्सिलोनाजवळच्या एका सुपरमार्केटमध्यें २००९ सालीं मालाचा हिशेब आणि विक्रीचा हिशेब यांत दरमहा हजारों युरोंची तूट येऊं लागली. १५ जून रोजीं व्यवस्थापकानें कॅमेरे बसविले. ते दोन प्रकारचे होते. दरवाजांकडे रोखलेले उघड होते, आणि त्यांची कल्पना नोकरांना दिली होती; गल्ल्यांवर रोखलेले लपविलेले होते, आणि त्यांविषयीं कोणालाहि चकार शब्द सांगितला नव्हता. दहा दिवसांत चोऱ्या चित्रित झाल्या आणि चौदा नोकर कामावरून गेले. त्यांपैकीं पांच बायका स्पेनचीं न्यायालयें ओलांडून स्ट्रासबर्गला गेल्या. चोरी केली नाहीं असें त्यांचें म्हणणें नव्हतें. कायद्यानें आम्हांला आधीं सांगावयास हवें होतें, तें सांगितलें नाहीं, असें होतें.

जानेवारी २०१८ मध्यें सात न्यायमूर्तींच्या पीठानें सहा विरुद्ध एक मतानें त्यांच्या बाजूनें निर्णय दिला. १७ ऑक्टोबर २०१९ रोजीं सतरांच्या मोठ्या पीठानें तो चौदा विरुद्ध तीन मतांनीं फिरविला. या दुसऱ्या निकालांत लक्षांत घेण्यासारखें पुष्कळ आहे. न्यायालयानें एकाच इमारतींत एकांताच्या पायऱ्या पाडल्या: शौचकूप आणि कपडे बदलण्याची खोली येथें एकांताची अपेक्षा फार मोठी, बंद कचेरींत मोठी, गिऱ्हाइकांची रहदारी असलेल्या गल्ल्यावर कमी. शिवाय पाळत दहाच दिवस होती, चित्रें थोड्याच माणसांनीं पाहिलीं, संशय आकड्यांवर आधारलेला होता. या सर्वांचा हिशेब करून न सांगितल्याचा दोष माफ करण्यांत आला. तीन न्यायमूर्तींनीं भिन्न मत नोंदविलें. मला स्वतःला त्या तिघांची बाजू अधिक पटते. गल्ल्यावर येणारा गिऱ्हाईक दोन मिनिटांनीं जातो. गल्ल्यावरची बाई तेथें दिवसच्या दिवस असते. रस्त्यावर सर्वांना दिसणें आणि भोंकांतून एकानें आपल्याकडेच टक लावून पाहणें, या दोन गोष्टींना एकच नांव देतां येत नाहीं. ओवेनचा काळा ठोकळा निदान समोर टांगलेला होता. तथापि याच न्यायालयानें २०१७ सालीं रुमानियांतील एका नोकराच्या प्रकरणांत, मालकाच्या हुकुमानें कामाच्या जागेवरील खाजगी जीवन शून्यावर आणतां येत नाहीं, असें बजावलें होतें. त्या मर्यादेखालीं स्पेनचा निकालहि गेलेला नाहीं.

आपल्या देशांत २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं, निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या अर्जावर, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला, आणि १९५४ व १९६२ सालच्या निकालांतील उलट मत रद्द ठरविलें. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध बजावतां येतो. खाजगी मालकाशीं गांठ पडली तर कायद्याचें निराळें कलम शोधावें लागतें. माणसाच्या गुप्तांगाचें चित्र त्याच्या संमतीवांचून टिपणें हा माहिती-तंत्रज्ञानाच्या कायद्याच्या ६६-इ कलमाप्रमाणें गुन्हा आहे. पण गल्ला, साचा किंवा लिहिण्याचें टेबल यांना तें कलम लागत नाहीं. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचा सर्व डोलारा संमतीवर उभारलेला आहे. मात्र त्याच्या ७ व्या कलमांत संमति न घेतां माहिती वापरण्याच्या ज्या सवलती दिल्या आहेत, त्यांत नोकरीसंबंधीं कारणें आणि मालकाचा तोट्यापासून किंवा जबाबदारीपासून बचाव यांचा समावेश आहे. तोटा केवढा असावा, पाळत किती दिवस चालावी, कोणत्या खोलीच्या उंबरठ्यावर कॅमेऱ्यानें थांबावें, हीं मापें त्या कलमांत घातलेलीं नाहींत. आणि नोकरांच्या मंडळाला आधीं विचारावें असेंहि त्यांत कोठें म्हटलेलें नाहीं.